नव्याण्णव वर्षांनी जन्मणारी कोकरं

विष्णुपंतांना कधी तारीख विचारू नये. आपण पोस्टात उभे राहून कसलासा फॉर्म भरत असतो, पेन हातात असतं, मागे रांग असते, आणि शेजारी पंत दिसले म्हणून सहज विचारतो, "पंत, आज किती तारीख?" पंत चष्मा कपाळावर चढवतात, छताकडे पाहतात आणि म्हणतात, "कुठली सांगू?"

कुठली म्हणजे? तर एक इंग्रजी, एक पंचांगातली तिथी आणि एक ती, जी आकाशवाणीवर सकाळी बातम्यांच्या आधी सांगतात आणि अख्ख्या देशात कुणीही ऐकत नाही. भारतीय सौर दिनांक. माझ्या माहितीत ही तारीख खरोखर वापरणारी माणसं दोनच. एक सरकार, तेही नाइलाजानं. दुसरे आमचे विष्णुपंत, आणि ते हौसेनं.

पंतांचं घराणं औंढ्याच्या नागनाथाच्या सेवेतलं. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाकडे पूजा गेली आणि धाकट्या पंतांकडे पंचांग आलं. नुसत्या पंचांगावर पोट भरत नाही, म्हणून पंत जवळा बाजारच्या शेळी-मेंढी पालक संघात कारकून म्हणून लागले आणि सत्तावीस वर्षं तिथंच घासून निवृत्त झाले. आता वय चौऱ्याहत्तर. अंगानं काडी, आवाजानं नगारा. रोज सकाळी साडेआठला बसस्टँडसमोरच्या प्रभूच्या हॉटेलात येतात, बिनसाखरेचा चहा मागवतात आणि प्रभूची पाठ वळली की बरणीतून दोन चमचे साखर स्वतःच घालून घेतात.

तिथं त्यांची वाट पाहत संपतराव बसलेले असतात. संपतराव मेंढपाळ. आता मेंढ्या पोरं सांभाळतात, संपतराव फक्त पोरांच्या चुका सांभाळतात. पांढरी मिशी, लाल पटका आणि समोरच्याला बोलता बोलता उलटा करायची विलक्षण हातोटी. या दोघांचं पंचवीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडण चालू आहे. बांधावरून, पाण्यावरून, निवडणुकीवरून भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कॉम्प्युटरवरून पंचवीस वर्षं भांडणारी ही दोनच, आणि दोघांच्याही घरी कॉम्प्युटर नाही.

भांडण वायटूकेचं. तरुण वाचकांसाठी सांगतो. एकोणीसशे नव्याण्णव साली जगभर बोंब उठली होती की जुने कॉम्प्युटर साल लिहिताना शेवटचे दोनच आकडे लिहितात, त्यामुळे दोन हजार साल लागलं की ते शून्य शून्य लिहितील आणि शतकाचा घोटाळा होईल. विमानं पडतील, वीज जाईल, दवाखान्यातली यंत्रं थांबतील असं पेपरात रोज येत होतं. वीज जाईल ही धमकी हिंगोली जिल्ह्यात कुणी मनावर घेतली नाही. मग एक जानेवारी उजाडली, जग होतं तसंच चाललं, आणि तेव्हापासून जगात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, सगळा बनाव होता, कंपन्यांनी धंदा केला. दुसरा म्हणतो, लाखो माणसांनी आधी खपून दुरुस्ती केली म्हणून काही झालं नाही. या वादाची औंढा शाखा म्हणजे प्रभूच्या हॉटेलातलं दुसरं बाकडं.

पंत दुसऱ्या पक्षाचे, कारण त्या लाखो माणसांतले एक ते स्वतः.

झालं असं की शहाण्णव साली कुठल्याशा योजनेतून त्यांच्या संघाला एक कॉम्प्युटर मिळाला. नांदेडच्या एका हुशार पोरानं त्यात मेंढ्यांचा प्रोग्राम बसवून दिला आणि तो पोरगा पुढं दुबईला निघून गेला. प्रोग्राम सोपा होता. प्रत्येक मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जन्मतारीख आणि मालकाचं नाव त्यात भरायचं. रोज सकाळी कॉम्प्युटर विचारायचा, आज कोणती तारीख? तारीख टाकली की तो हिशोब करून यादी छापायचा, की अमक्याची इतकी कोकरं तीन महिन्यांची झाली, त्यांना देवीची लस टोचा. लस टोचणारा माणूस ती यादी घेऊन सायकलवर वाड्यावस्त्यांवर फिरायचा. यादीत नाव असेल तर सुई, नसेल तर पुढचा वाडा.

नव्याण्णवच्या दिवाळीत पंतांनी पेपरात वायटूके वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरला गंमत म्हणून पुढच्या सालातली तारीख टाकून पाहिली. कॉम्प्युटरनं शून्यातून नव्याण्णव वजा केले आणि त्याच्या दृष्टीनं दसऱ्याला जन्मलेल्या कोकराचं वय आलं उणे नव्याण्णव वर्षं. म्हणजे कोकरू दारात बें बें करतंय, आईला ढुशा मारतंय, आणि कॉम्प्युटर म्हणतो ते अजून जन्मायचं आहे, नव्याण्णव वर्षं थांबा. न जन्मलेल्याला लस कशी टोचणार? यादी कोरी आली.

पंतांनी चेअरमनला सांगितलं. चेअरमन म्हणाले, "पंत, वर कळवा." पंतांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, की खाली बघून घ्या. नांदेडचा पोरगा दुबईत. प्रोग्राम कसा बदलतात हे पंतांना ठाऊक नव्हतं, आजही नाही. आणि इथं पंचांगवाल्या घराण्याचं रक्त उसळलं. पंतांच्या मनात आलं, साल बदलायचं थांबवता येत नाही ना? मग जे साल जानेवारीत बदलतच नाही ते वापरू. इंग्रजी साल संपत होतं, पण शक चालू होता एकोणीसशे एकवीस. दोन आकडी लिहायचं तर एकवीस. जानेवारीतही एकवीस, फेब्रुवारीतही एकवीस. मग बावीस, तेवीस. शून्य शून्य यायला मार्च दोन हजार अठ्ठ्याहत्तर उजाडणार होतं.

"तवर आपुन दोघं बी यादीतून गेलेलो," असं संपतराव यावर म्हणतात.

पण त्यासाठी संघाच्या चार हजार तीनशे बारा मेंढ्यांच्या जन्मतारखा इंग्रजीतून सौर तारखेत बदलायला हव्या होत्या. पंतांनी पाच जाड वह्या आणल्या. संध्याकाळी घरी गंगूताई, म्हणजे पंतांची बायको, इंग्रजी तारीख वाचायची, पंत सौर तारीख लिहायचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीच कॉम्प्युटरमध्ये टाकायची. दोन महिने हेच. सौर पंचांगात वैशाखाला एकतीस दिवस, आणि कॉम्प्युटर दुसऱ्या महिन्याला अठ्ठावीसच्या पुढं जाऊ देईना. म्हणून वैशाखाच्या शेवटी जन्मलेल्या सगळ्या कोकरांना पंतांनी अठ्ठावीस तारखेवर दाटीवाटीनं बसवलं. गंगूताई त्या दिवसांत दूधवाल्याच्या कॅलेंडरवरही मेंढ्यांचे नंबर लिहून ठेवायची. पंतांची तर तऱ्हाच निराळी. दोन महिने रात्रंदिवस सौर तारखा लिहून त्यांचं डोकं तिकडंच स्थायिक झालं. गॅसच्या नंबरावर, किराणाच्या यादीवर, जावयाला लिहिलेल्या पत्रावर, सगळीकडं तीच तारीख. जावई बिचारा सुशिक्षित, त्यानं तब्येतीची चौकशी केली.

दोन हजार सालच्या जानेवारीत जवळा बाजारच्या संघात यादी अचूक छापून आली. कोकरांना लस टोचली गेली. एकही दगावलं नाही. आणि अर्थातच कुणालाही काही कळलं नाही. चेअरमननी मार्चमध्ये कॉम्प्युटरच्या तारखा पाहिल्या आणि 'नोंदींत विनापरवानगी फेरफार' म्हणून पंतांना लेखी समज दिली.

पंचवीस वर्षं पंतांचं म्हणणं एकच. कुणीतरी एकदा म्हणा, की तुम्ही केलं ते खरं होतं. पदक नको, शाल नको, नारळ तर मुळीच नको, नागनाथाच्या कृपेनं घरात नारळ पुष्कळ येतात. फक्त म्हणा.

आणि पंचवीस वर्षं संपतरावांचं म्हणणं एकच. "पंत, त्या रात्री लाईटच नव्हती. संध्याकाळी सातला गेली ती सकाळी नवाला आली. कॉम्प्युटर बंद. मंग तुमचं संकट आलं कुठून? कंदील घेऊन आलं व्हय?"

यावर प्रभूच्या हॉटेलात पंचवीस वर्षं हशा होतो. तोच विनोद, तीच जागा, आणि तरी होतो.

गेल्या वर्षी गंगूताईचा संयम सुटला. त्या पाच वह्यांनी घरातलं एकुलतं एक लोखंडी कपाट अडवलेलं. कुरडयांचे डबे पलंगाखाली आणि वह्या कपाटात. ती मला रस्त्यात गाठून म्हणाली, "अहो, तुम्ही वाचनालयाचे सचिव ना? मग एकदाचा लावा निकाल. पंचवीस वर्षं होतायत. चार माणसांसमोर वाद घाला दोघांना. हे जिंकले तर वह्या तुमच्या वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवा. हरले तर मी रद्दीवाल्याला देते, आणि या घरात त्या वायटूकेचं नाव परत निघायचं नाही."

"पंत कबूल होतील?"

"झालेत. आता मागं हटले तर लोक हसतील म्हणून झालेत."

मला वाटलं होतं गंमत होईल. म्हणून मी जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात जाहीर वादविवाद ठेवला. विषय फळ्यावर मीच लिहिला. 'वायटूके: संकट की अफवा?' निकाल हात वर करून. पण आदल्या आठवड्यात पंतांकडे गेलो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही गंमत नाही. पंतांनी पाचही वह्यांना नवी खाकी कव्हरं घातली होती. सुताराला बोलावून वाचनालयाच्या कपाटाच्या फळीचं माप घेतलं होतं. बोलले मात्र भलतंच. "हरलो तर रद्दीवाल्याला सांगा, दोरीनं करकचून बांधू नको म्हणावं. कडा दुमडतात."

तिकडं संपतरावही तयारीला लागले होते, आणि त्यांना दारूगोळा कोण पुरवत होतं? पंतांचा मुलगा अनिरुद्ध. हा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. बापाचं ऐकून ऐकून कान किटलेला हा चिरंजीव बापाच्याच विरोधकाला फोनवरून मुद्दे सांगत होता.

सोमवार, त्यामुळं नागनाथाच्या दर्शनाची गर्दी होती, आणि दर्शन झाल्यावर बसायला जागा हवी म्हणून निम्मी गर्दी आमच्या सभागृहात आली. आधी संपतराव उठले. पटका सारखा केला, खिशातून अनिरुद्धनं सांगितलेल्या मुद्द्यांचा कागद काढला, लांब धरून पाहिला, आणि घडी करून परत खिशात ठेवला.

"मंडळी, मी अडाणी माणूस. पर मला एक सांगा. त्या साली अमेरिकेनं लाखो मानसं कामाला लावली. तिथं काही झालं न्हाई. रशियानं काहीच केलं न्हाई म्हणे. तिथं बी काही झालं न्हाई. माझ्या मेंढ्यांनी काही केलं न्हाई. त्यांना बी काही झालं न्हाई. मंग बराबर कोण? अमेरिका का माझी मेंढी?"

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

"आमचे पंत म्हणतात, आमी आधीच काम केलं म्हणून संकट टळलं. मी रोज सकाळी उठून पटका झटकतो. औंढ्यात एक बी वाघ येत न्हाई. मंग मी म्हणू का, माझ्या पटक्याला भिऊन वाघ येईना?" टाळ्या. "आन शेवटचं. त्या रात्री लाईट..."

पुढचं सगळ्या सभागृहानं एका सुरात पूर्ण केलं.

मग पंत उठले. पंतांची अडचण अशी, की त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि खरं सांगायला वेळ लागतो. त्यांनी वजाबाकी फळ्यावर करून दाखवली. सौर महिन्यांचे दिवस सांगितले. वैशाखापर्यंत आले तेव्हा पहिल्या दोन रांगा जांभया देत होत्या. भाद्रपदात एक गृहस्थ चक्क घोरले. पंतांना ते दिसत होतं. पण ते एकही महिना गाळायला तयार नव्हते.

"आणि मी फक्त आपलंच पाहिलं नाही," पंत घाईनं म्हणाले. "तोच प्रोग्राम त्या पोरानं पलीकडच्या तालुक्यातल्या एका संघातही बसवला होता. त्यांनाही मी कार्ड टाकून आधी कळवलं. तिथंही काही झालं नाही, म्हणजे त्यांनीही वेळेवर बंदोबस्त केला असणार. हाच तर माझा पुरावा."

"हा पुरावा न्हाई, पंत," संपतराव बसल्या जागेवरून म्हणाले, "कुठंच काही झालं न्हाई, हा माझा पुरावा. कुठंच न्हाई."

हशा झाला. मी हात वर करायला सांगणार, आणि निकाल काय लागणार हे शेवटच्या रांगेलाही कळलं होतं. गंगूताई समोर बसली होती. तिनंच हे सगळं मागितलं होतं, आणि आता ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती.

तेवढ्यात मागच्या दाराशी बसलेली एक म्हातारी उठली. हातात प्रसादाची पिशवी. ती पंचफुलाबाई, संपतरावांची धाकटी बहीण, दिली पुसेगावला. भाऊ सकाळी तिला दर्शनाला घेऊन आला होता.

"दादा," ती म्हणाली, "खोटं काहून बोलून राहिला?"

संपतरावांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "पंचफुला, बस खाली. तुला त्यातलं कळत न्हाई."

"मला कळत न्हाई? माझी एकतीस कोकरं गेली त्या साली. पौषात. एका पंधरवड्यात. लस टोचणारा माझ्या दारावरून सायकल घेऊन गेला. मी आडवी झाले तर म्हणला, बाई, यादीत तुमचं नाव न्हाई. म्हणलं, बाबा, कोकरं डोळ्यानं दिसून राहिली ना तुला? तर म्हणला, मला दिसतात, कॉम्प्युटरला दिसंनात."

आणि पंत? पंत लहान मुलासारखे उसळले. "बघा! बघा! तोच संघ! यादी कोरी आली! मी हेच सांगतोय पंचवीस वर्षं! उणे नव्याण्णव!" त्यांनी फळ्यावरच्या वजाबाकीवर खडूनं असा काही फराटा ओढला की खडू तुटला. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. हात खाली आला. "पण बाई, मी तर त्यांना कार्ड टाकलं होतं."

"आलं व्हतं की, महाराज. आमचे मालक तिथं राखणदार व्हते. त्यांनी वाचलेलं. वर तारीख व्हती वीस, नऊ, एकोनीसशे एकवीस. आन खाली लिवलं व्हतं, अकरा, दहा, एकवीसपासून तुमचा कॉम्प्युटर यादी देनार न्हाई. तिथला साहेब लई हसला म्हणे. म्हणला, निजामाच्या राज्यातलं कार्ड पोस्टानं आत्ता आनून दिलं, आन त्यात कॉम्प्युटर बी हाय. भिंतीला टाचणीनं लावून ठिवलं त्यानं. येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवायचा."

पहिल्या रांगेत एकजण खुदकन हसला, आणि शेजाऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

पंत फळ्याला पाठ लावून उभे होते. शतक चुकू नये म्हणून ज्या माणसानं डोळे फोडून घेतले, त्यानंच घाईत कार्डावर शतक चुकेल अशी तारीख लिहिली होती. अकरा, दहा, एकवीस म्हणजे अकरा पौष, म्हणजेच एक जानेवारी दोन हजार; पण शके हा एवढासा शब्द घालायचा राहिला होता.

"हात वर करा," पंतच म्हणाले. "निकाल लावा ना."

संकट खरं होतं, या बाजूनं सगळ्या सभागृहाचे हात वर झाले. घोरणारे गृहस्थही जागे होऊन सामील झाले. संपतरावांचाही हात वर होता. फक्त पंतांचा नव्हता.

पायऱ्यांवर चपला घालताना पंतांनी संपतरावांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"त्याच उन्हाळ्यापासून. दाजींनी सांगितलं, मी जाऊन कार्ड बी पाहून आलो. तुमचं अक्षर मी वळखलं."

"आणि पंचवीस वर्षं मला म्हणत राहिलात, काही झालं नाही."

संपतराव बराच वेळ चप्पलच शोधत राहिले. ती त्यांच्या पायातच होती. "मंग काय म्हणू? देवळातल्या म्हशीनं एक दिवस वैरण सोडली तर तुमी दोन दिवस जेवत न्हाई. तुमाला एकतीस कोकरं सांगू व्हय? म्हणलं, काही झालंच न्हाई असं म्हणत राहू. तुमी चिडाल, पर जेवाल."

पंत पायऱ्या उतरून घरी गेले.

नंतर आठ दिवस दुसरं बाकडं रिकामं. म्हणजे संपतराव येत होते, पण एकटे, आणि एकट्या माणसाला वाद घालता येत नाही. त्यांनी प्रभूशी चहाच्या रंगावरून वाद घालून पाहिला, जमला नाही. वाचनालयात काचेच्या कपाटाची फळी पुसून तयार होती. वह्या काही आल्या नाहीत. मी घरी गेलो तर गंगूताई दारातच म्हणाली, "जिंकलेत म्हणे. जिंकल्यापासून अर्धी पोळी खातायत. तुमची गाडी रिकामी आहे का उद्या? पुसेगावला जायचं म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीत मागं पंत आणि गंगूताई, मांडीवर पाचवी वही. पुढं संपतराव. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते बसस्टँडसमोर गाडीच्या आडवे उभे राहिले आणि दार उघडून बसले.

पंचफुलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हाला पाहून तिनं घोंगडं अंथरलं, पाणी आणलं. पंत बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "बाई, त्या कार्डावर शके लिहायचं राहिलं माझ्याकडून."

"महाराज, असं हात नका जोडू, मला तकलीफ व्हते," पंचफुलाबाई म्हणाली. "तुमी कार्ड तरी टाकलं. ज्याला डोळ्यानं कोकरं दिसत व्हती त्यानं काय केलं? सायकल काढली आन गेला." मग तिनं देवळीतून एक कार्ड आणलं. संघ बंद पडला त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं ते भिंतीवरून काढून घरी आणून ठेवलं होतं. टाचणीचं भोक तसंच.

पंतांनी कार्ड पाहिलं, उलटसुलट केलं, पेन काढलं आणि तारखेपुढं लहान अक्षरात लिहिलं, 'शके. म्हणजे ११ डिसेंबर १९९९.' कार्ड तिला परत दिलं. मग घोंगड्यावर मांडी घालून वही उघडली. शेवटची काही पानं कोरी होती.

"आता तुमची कोकरं सांगा," ते म्हणाले.

"कुठली?"

"तीच. एकतीस. यादीत नव्हती ना? सांगा. कधी झाली, कशी होती."

पंचफुलाबाईनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं होतं, पंचवीस वर्षांनी काय आठवणार? पण ज्यांनी मेंढ्या पाळल्या नाहीत त्यांनाच असं वाटतं. "पयलं झालं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "काळं. कपाळावर पांढरा ठिपका."

"पोळ्याचा दुसरा दिवस," गंगूताईनं मोठ्यानं म्हटलं, जशी ती तेव्हा म्हणायची. पंतांनी बोटांवर मोजलं. "दहा सप्टेंबर. एकोणीस भाद्रपद." आणि या वेळी दोन्ही तारखा लिहिल्या, शकासकट, इसवी सनासकट, चारही आकडे.

"दुसरं घटस्थापनेला. जुळं व्हतं. एक लंगडं."

"घटस्थापना, जुळं," गंगूताई.

"तिसरं, म्हणजे चौथं, दसऱ्याला. ते लई वांड. माझ्या नातीच्या मागं शाळेत जायचं."

अशी दुपार झाली. भाकरी झाली, ठेचा झाला. पंतांनी दोन भाकरी खाल्ल्या, हे संपतरावांनी मोजलं आणि मला डोळ्यानं खुणावलं. एकतीसचं एकतीस झाल्यावर पंतांनी खाली रेघ ओढली, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, 'वाचणार गंगूताई, लिहिणार विष्णुपंत.' तिथं कधी नव्हतं ते. गंगूताईनं वाचलं आणि म्हणाली, "आता तरी कपाट मोकळं करा." वह्या त्या आठवड्यात वाचनालयात आल्या. कुरडयांचे डबे कपाटात गेले. ज्याला हवं त्यानं येऊन पाहावं, वह्या, म्हणजे.

परतीच्या वाटेवर बराचसा रस्ता मागं पडल्यावर पुढच्या सीटवरून संपतराव घसा खाकरले. मागं न बघताच म्हणाले, "पंत."

"काय?"

"बाकी सगळं खरं. पर त्या रात्री लाईट नव्हती, हे तर बराबर ना?"

पंतांनी खिडकीबाहेर पाहिलं. "नव्हती," ते म्हणाले.

संपतरावांनी पटका आवळला, सोडला, पुन्हा आवळला. शेवटी त्यांच्यानं राहवेना. सीटवर अख्खे मागं वळून ते कळवळून म्हणाले, "असं लगेच कबूल काहून करता? उद्या साडेआठला मी बोलू काय?"

"सातला गेली असं तुम्ही म्हणता," पंत म्हणाले. "माझ्या मते पावणेआठला गेली."

"पावणेआठ? अहो, मी वाड्यावर व्हतो, मला सांगता?"

गंगूताईनं कपाळाला हात लावला. मी गाडी जरा हळू केली, कारण औंढा जवळ आलं होतं.